अक्काने न वाचलेला मजकूर

१

प्रुफं तपासायला दोन माणसं लागतात असं सांगितलं की हल्लीची मुलं हसतात. हसू देत. त्यांच्या पुस्तकांत पानागणिक तीन चुका असतात आणि आमच्या पुस्तकांत भिंग घेऊन बसलात तरी एक सापडायची नाही, एवढंच मी म्हणेन.

आमची पद्धत अशी होती. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला अक्का बसायची, तिच्यापुढे लेखकाचं हस्तलिखित. समोर मी, माझ्यापुढे छापखान्यातून आलेलं प्रूफ. अक्का मोठ्याने वाचायची आणि वाचता वाचता पेन्सिलीने टेबलावर ठोके द्यायची. स्वल्पविरामाला एक, पूर्णविरामाला दोन, नवा परिच्छेद आला की तळहाताची थाप. तिच्या ओळीखाली एक लाकडी पट्टी असायची, ती ओळीगणिक खाली सरकायची. मी ऐकायची आणि लाल पेन चालवायची. तिने कागदावरून नजर उचलायची नाही, मीही नाही. मान वर केली की ओळ सुटते. सव्वीस वर्षं आम्ही सख्ख्या बहिणी समोरासमोर बसून एकमेकींचं तोंड न बघता काम करत आलो. तोंडं बघायला बाकीचा दिवस होताच, कारण राहायलाही एकत्रच. अक्काने लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही, आणि आई गेल्यावर ते तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर आम्हा दोघींना पुरून उरलं.

टाइप करताना कधी चारेक ओळी गळतात. अशा वेळी अक्का वाचत असते ते माझ्या कागदावर नसतं. मग मी ते समासात लिहून काढायची. माझं पेन चाललंय हे ऐकून अक्का थांबायची आणि मी ‘हं’ म्हटलं की पुढे निघायची. मी तिचं हस्तलिखित बघत नसे, ती माझा समास बघत नसे. सगळा कारभार विश्वासावर. तपासलेली पानं हस्तलिखितासकट छापखान्यात परत जायची, आणि तिथेही आमच्या लाल अक्षरावर कोणी शंका घेत नसे.

२

त्या वर्षी आमच्याकडे पाळकसाहेबांचं पुस्तक आलं. पाळकसाहेब चौऱ्याऐंशी वर्षांचे, धर्मशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, अंथरुणाला खिळलेले. ख्रिस्तविरोधक आणि सैतान यांच्याविषयी बायबलात कुठे काय लिहिलंय आणि कोणकोणत्या मंडळ्यांनी, म्हणजे ख्रिस्ती पंथांनी, त्याचा काय अर्थ लावला, ते सगळं त्यांनी शेजारी शेजारी मांडलं होतं. स्वतःचा निकाल कुठेच दिला नव्हता. अक्का उपासनेला श्रद्धेने जायची आणि मी अक्काबरोबर जायची, त्यामुळे विषय ऐकून मी नाक मुरडलं होतं. पण पुस्तक चांगलं होतं. प्रकाशकाने महिनाअखेरची तारीख दिली होती, आणि पाळकसाहेबांचा काही भरवसा नव्हता.

एक मत असं, की ख्रिस्तविरोधक येऊन गेला. तो त्या काळचा एक क्रूर सम्राट होता, आणि बायबलातली ती पत्रं त्या काळच्या घाबरलेल्या माणसांसाठी होती. दुसरं मत असं, की तो एक माणूस नाही, शतकानुशतकं चालणारी एक गादी आहे. या मंडळीने त्या मंडळीच्या गादीकडे बोट दाखवलं, त्यांनी उलट यांच्याकडे. तिसरं मत म्हणतं, तो अजून यायचाय, शेवटच्या दिवसांत, एकटा. चौथं मत योहानाच्या पत्रावर उभं आहे. तिथे तो एक नाहीच, पुष्कळ आहेत, आताच आलेले आहेत आणि ते बाहेरून आलेले नाहीत, आपल्यातूनच निघालेले आहेत.

“हे चौथं सगळ्यात त्रासाचं,” अक्का चहा गाळताना म्हणाली. “पहिल्या तिन्हींत आपण सुटतो.”

“तू सुटलीसच आहेस. तुझ्या जागेची चिठ्ठी स्वर्गात केव्हाच लागलीय.”

“आणि तुला आत घ्यायला मी दारात उभी राहीन, ठमे. एकटीला सोडतील का तुला?”

अक्का मला ठमी म्हणायची. सहासष्टाव्या वर्षीही.

त्याच दिवशी चौथ्या मताच्या शेवटी एक परिच्छेद गळलेला निघाला. पाच-सहा ओळी. काही जणांच्या मते त्याला शोधू नये, कारण शोधणाऱ्याला शेजारी कोण बसलंय हे दिसत नाही, अशा अर्थाच्या. मी त्या समासात लिहिल्या, ‘हं’ म्हटलं, आणि काम पुढे गेलं.

चार दिवसांनी छापखान्याच्या मालकांचा फोन आला.

“ताई, पान बावन्नवर तुम्ही घातलेला परिच्छेद हस्तलिखितात सापडत नाहीये हो.”

“नीट बघा. पाठीमागे लिहिलेला असेल.”

“बघितलं. पाठीमागे कोरं आहे.”

३

मी स्वतः छापखान्यात गेले. पानाची पाठ कोरीच होती.

अक्काला विचारलं तेव्हा ती भाजी निवडत होती. “मी नाही बाई असलं काही वाचलं,” ती म्हणाली. “तू काहीतरी लिहीत होतीस खरं. मला वाटलं, मोठी चूक असेल.”

मी बुद्धीने चालणारी बाई आहे. मी कारणं मांडली. अक्का एकाहत्तर वर्षांची. तिला रविवारच्या उपदेशातलं काहीतरी आठवलं असेल आणि ती वाचता वाचता बोलून गेली असेल. किंवा सकाळी अकराच्या सुमाराला मला डुलकी लागली असेल. डुलकीत माणूस काय वाटेल ते ऐकतो. दोन्ही कारणं पटण्यासारखी होती. मी परिच्छेदावर काट मारली आणि विषय संपवला.

फक्त एक गोष्ट मनातून जाईना. त्या परिच्छेदात स्वल्पविराम कुठे द्यायचे ते मी माझ्या मनाने ठरवलं होतं. म्हणजे त्या सहा ओळींत पेन्सिलीचा एकही ठोका पडला नव्हता. सव्वीस वर्षांत अक्काने ठोक्याशिवाय ओळ वाचलेली मला आठवत नाही. बाजारातली यादी वाचतानासुद्धा तिचं बोट चालायचं.

४

पुढचं प्रकरण सैतानावर होतं. पाळकसाहेबांनी हळूहळू उलगडत नेलं होतं. जुन्या पुस्तकांत हे नाव नाहीच, हुद्दा आहे. समोर उभा राहून आरोप करणारा, असा. आकाशातून पडलेल्या ताऱ्याचं जे वर्णन लोक त्याला चिकटवतात, ते मुळात एका गर्विष्ठ राजाला हिणवायला लिहिलेलं. एदेनच्या बागेतला साप आणि तो एकच, हे बायबलच्या अगदी शेवटच्या पुस्तकात येतं. काही मंडळ्या त्याला खरोखरची व्यक्ती मानतात, काही म्हणतात की माणसाच्या आतल्या वाईटाला दिलेलं ते नाव.

मी कान टवकारून बसले होते. ठोके व्यवस्थित पडत होते. एक. एक. दोन. थाप. आणि मग अक्काचाच आवाज, तसाच थोडा घोगरा, ओळीच्या शेवटी किंचित खाली येणारा, ठोक्याशिवाय पुढे गेला. आरोप करणाऱ्याला लोक विनाकारण घाबरतात. तो कुणावर हात उगारत नाही. जे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण कोणी बोलत नाही, तेवढं तो बोलतो.

माझा हात लिहीत होता. सवय वाईट. तीन ओळी लिहून झाल्यावर मला भान आलं.

“थांब, अक्का.”

“मी कधीची थांबलेय,” अक्का म्हणाली. “तू लिहितेयस ना?”

मी मान वर केली. अक्का हस्तलिखितावर वाकून बसली होती. पट्टी ओळीखाली धरलेली, पेन्सिल हातात आणि तोंड मिटलेलं. ती माझ्या ‘हं’ची वाट बघत होती.

खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. खाली कोणीतरी गाडी धूत होतं, त्याच्या बादलीचा आवाज येत होता. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती, आणि ती मी अक्कापासून लपवली. तिला वाटलं असतं, ठमीला वेड लागलं.

५

दोन्ही परिच्छेद घेऊन मी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांची सून मला आत घेऊन गेली आणि उशीला उशी लावून तिने त्यांना बसतं केलं. त्यांनी भिंगातून दोनदा वाचलं.

“भाषा माझ्यापेक्षा बरी आहे,” ते म्हणाले. “कोणी लिहिलं?”

मी जे घडलं ते सांगितलं. हसतील म्हणून तयारी ठेवली होती. ते हसले नाहीत.

“ईयोबाची गोष्ट आठवते? तिथे तो काय करतो सांगा बघू.”

“ईयोबाला, देवाच्या त्या भक्ताला, छळतो.”

“ते नंतर. आधी तो देवाला फक्त विचारतो. हा माणूस तुम्हाला एवढा जीव लावतो, तो काय उगाच? बस. एक अक्षर खोटं बोलत नाही. पुढे लोकांनी त्याला शिंगं लावली, शेपूट लावली. आमच्यातले विद्वान त्याच्या नावाचे आकडे जुळवत बसले. मी चाळीस वर्षं हे शिकवलं, बाई, आणि मला भीती वाटली ती त्या एका प्रश्नाची. तो प्रश्न एकदा कानात गेला की माणूस उत्तर शोधायला लागतो.”

“म्हणजे तुमचं मत काय? तो आहे की नाही?”

“ते मी पुस्तकात लिहिलं नाही, तुम्हाला कशाला सांगू?” ते थोडे दमले. मग म्हणाले, “तुमच्या घरातलं काही बोलला का?”

“नाही.”

“मग काम परत पाठवून द्या. माझं पुस्तक चुकांसकट छापलं तरी चालेल. तुमच्या घरात कोण आहे?”

“मी आणि माझी बहीण.”

“तिच्यापेक्षा पुस्तक मोठं नाही,” ते म्हणाले आणि डोळे मिटून पडले.

मी परत पाठवायला हवं होतं. पण सव्वीस वर्षांत अर्धं काम परत केलं नव्हतं, आणि शेवटची चाळीस पानं राहिली होती. शिवाय, खरं सांगायचं तर, आवाज पुढे काय म्हणेल ते मला ऐकायचं होतं.

६

तिसऱ्या दिवशी तो बोलला. यावेळी मतांतरं नव्हती.

धाकटी औषध आणायला गेली होती. आई तिचं नाव घेत राहिली. तिला बोलवा म्हणाली, तीनदा म्हणाली. थोरली उशाशी बसली होती आणि फोन तिच्या हाताशी होता. धाकटी परत आली तेव्हा थोरलीने सांगितलं, आई झोपेतच गेली, काही बोलली नाही.

मी शेवटच्या शब्दापर्यंत लिहिलं. मग पेन खाली ठेवलं.

“अक्का, आई शेवटी काय म्हणाली होती?”

पेन्सिल थांबली. अक्काने ती पट्टीला लावून खाली ठेवली.

“तुझं नाव घेत होती,” ती म्हणाली.

“आणि मला फोन का नाही केलास?”

“तू दुकानात होतीस, गं. दहा मिनिटांचा रस्ता. मी फोन केला असता तर तू धावत सुटली असतीस, रस्ता ओलांडताना काय झालं असतं? मला वाटलं, येशील एवढ्यात. आणि नंतर सांगितलं असतं तर तू जन्मभर जळत राहिली असतीस, तेव्हा मी नव्हते म्हणून. कसं सांगणार होते मी?”

आज मला तिचं म्हणणं अक्षर न् अक्षर पटतं. त्या वेळी माझ्या कानात फक्त एवढंच होतं की आईने मला तीनदा बोलावलं आणि मी तिच्या उशाशी असायच्याऐवजी औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते. मी नको नको ते बोलले. तुला आई एकटीलाच हवी होती, म्हणाले. लहानपणापासूनच हवी होती, म्हणाले. एकवीस वर्षं माझ्याबरोबर एका ताटात जेवलीस आणि पोटात हे ठेवलंस, म्हणाले.

अक्का रडली नाही. ती उठली आणि टेबलाला हात धरून उभी राहिली.

“ठमे,” ती म्हणाली, “तुला हे कोणी सांगितलं? त्या खोलीत आईशिवाय मी एकटीच होते.”

हा प्रश्न मी ऐकला. मला तो समजलाही. पण रागापुढे भीतीची डाळ शिजली नाही. “तुझी पापं कोणी सांगितली याची चौकशी नको करूस,” मी म्हणाले, “निघ इथून.”

तिने पिशवीत दोन साड्या भरल्या आणि शाळेतल्या मैत्रिणीकडे राहायला गेली. गुडघा दुखरा, म्हणून ती जिन्यावर एकेक पायरी थांबत उतरायची. तीन मजले मी तो आवाज ऐकला.

७

एकटीने प्रुफं तपासून बघा. एक नजर इकडे, एक तिकडे, मान दुखते आणि चुका हसत हसत निसटतात. दोन दिवसांत चार पानं झाली. घरात माझाच राग माझ्याशी बोलत होता, आणि तोसुद्धा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थकला. अक्काचा कप तसाच पालथा होता. मला तिची इतकी आठवण येत होती की मी एकदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. तिने करावा, असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने हस्तलिखित तिच्या जागेवर ठेवलं, पट्टी त्यावर ठेवली, आणि माझ्या कागदावर मान घातली. काय अपेक्षा होती ते मलाच ठाऊक नाही.

समोरून अक्काने वाचायला सुरुवात केली.

यावेळी ठोके होते. एक, एक, दोन. परिच्छेदाला थाप. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मी पाळकसाहेबांचं पान नंतर ताडून बघितलं, काना-मात्रेचा फरक नव्हता. प्रकरण पौलाच्या पत्रावर होतं. तो अधर्मी पुरुष, म्हणजे ख्रिस्तविरोधक, अजून उघड झालेला नाही, कारण कोणीतरी त्याला अडवून धरलंय, असं पौल लिहितो. कोण, ते लिहीत नाही. वाचणाऱ्यांना ते ठाऊकच होतं म्हणे. पुढच्यांना ठाऊक नाही. कोणी म्हणतं राज्यसत्ता, कोणी म्हणतं पवित्र आत्मा, कोणी म्हणतं सुवार्तेचा प्रसार. अडवणारा बाजूला झाला की तो येईल, एवढंच नक्की. एवढी महत्त्वाची गोष्ट लिहायची राहून गेली याची मला चुटपुट लागली. गळलेल्या मजकुराची चुटपुट मला नेहमीच लागते.

घाबरायला हवं होतं. पण दोन दिवस कोणी माझ्याशी बोललं नव्हतं आणि तो अक्काचा आवाज होता. मी रडले आणि रडता रडता काम केलं. पाच पानं झाल्यावर भुवईखालून हळूच समोर बघितलं, फक्त टेबलापुरतं. हस्तलिखिताचा कोपरा दिसला. त्यावरची पट्टी दिसली. ती एक ओळ खाली सरकली. पट्टीवर हात नव्हता, पण ती जिथे धरतात तिथलं लाकूड दाबल्यासारखं थोडं वाकलं होतं.

मी नजर परत कागदावर आणली आणि ‘हं’ म्हटलं.

८

शेवटच्या पानावर असताना जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, एक पायरी. सकाळचे साडेअकरा झाले असतील. मग दारावर थाप पडली.

“ठमे, दार उघड गं.”

समोरचा आवाज वाचतच होता. योहानाच्या पत्राकडे तो पुन्हा वळला होता. आपल्यातून निघून गेलेले आपले नव्हते. आपले असते तर राहिले असते.

“ठमे, मी चुकले. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तू रागव माझ्यावर, पण बोल काहीतरी. मला तुझ्याशिवाय तिकडे घास उतरत नाही.”

ठोके थांबले होते. दाराबाहेरची येते ती पोटात काही लपवून येते, समोरचा आवाज म्हणाला, अक्काच्याच थकलेल्या, मायेच्या सुरात. एकवीस वर्षं लपवणारी कोण आणि एका सकाळी खरं सांगणारी कोण, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मी सगळी मतं आठवून पाहिली. येऊन गेलेला, गादीवर बसलेला, यायचा राहिलेला, आपल्यातला. पाळकसाहेबांनी एवढं सगळं मांडलं होतं, पण दारात एक आवाज आणि घरात तोच आवाज असताना कुठला कुणाचा, हे कुठल्याही मंडळीने सांगितलेलं नव्हतं. माझी बुद्धी दाराकडे बोट दाखवत होती. ते मला स्पष्ट कळत होतं. बाहेरचा आवाज क्षमा मागत होता आणि आतला माझीच बाजू घेत होता, एवढ्यावरून कोणालाही कळलं असतं. पण उठायचं तर समोरच्या खुर्चीवर काय आहे ते बघावं लागणार होतं. आणि बघितलं की मी बहिणीला कोणाच्या सांगण्यावरून घालवलं, तेही बघावं लागणार होतं.

“ठमे, तू आत आहेस ना? तुझं पेन ऐकू येतंय मला.”

मी लिहीत होते. पानाच्या समासात, लाल शाईने, ‘दाराबाहेरची येते ती’ इथपासून शेवटपर्यंत.

थोड्या वेळाने पावलं वळली. एक पायरी, थांबणं, एक पायरी. दुसऱ्या मजल्यावर ती बरीच थांबली. मी तेव्हाही हाक मारू शकले असते. मग खालचा दरवाजा वाजला.

“हं,” मी म्हणाले.

कोणी वाचलं नाही. मी पुन्हा ‘हं’ म्हणाले, मग “पुढे?” म्हणाले, मग “अक्का, वाच ना” म्हणाले. शेवटी मान वर केली. खुर्ची टेबलाला नीट लावलेली होती आणि पट्टी हस्तलिखिताच्या बाहेर, बाजूला ठेवलेली होती, काम संपल्यावर ठेवतात तशी.